आठपदरी दोरी, बाबाजीची गाठ

"दोरी तुटाक नाय, सायबानू. ह्यो शेवट बगा, डुकराच्या शेपटेसारो वळलोहा. तुटलेली दोरी पिंजारता. ही पिंजारली काय? नाय. ही सुटलीहा."

"सुटली काय, तुटली काय, माझा मासा गेला ना बाबाजी!" चारुदत्त साहेबांनी रीळ काउंटरवर ठेवलं ते जवळजवळ आपटलंच. साहेब इथे आखातात, जुमेरा लेक टॉवर्समधल्या कुठल्याशा ऑफिसात मोठ्या हुद्द्यावर. वर्षभर मासेमारीचे व्हिडिओ बघितले आणि आता शुक्रवार आला की गाडी काढून थेट कल्ब्याच्या किनाऱ्यावर. "सकाळी सहापासून उभा होतो. रॉडची अशी कमान झाली! आणि एका सेकंदात खलास. एकशेवीस दिरहमची दोरी, म्हणजे जवळजवळ सतराशे रुपये. त्यापेक्षा आमच्या मुलाची पतंगाची दोरी बरी."

गल्ल्यामागून अलीमियाँ उठले. राजापूरचा माणूस, अल कुसैसला गळ-रॉडचं दुकान टाकून पंचवीस वर्षं झालेली. गिऱ्हाईक तापलं की पाणी कुठून ओतायचं, ते त्यांना पाठ.

"साहेब, माल नवा आहे, खराब निघाला. आख्खा खोका एजंटला परत करतो, तुम्हाला दुसऱ्या कंपनीची दोरी देतो. बाबाजी, यल्ला, उचल तो खोका."

बाबाजीने खोका उचलला नाही.

उचलला असता तर कोणाचंच काही बिघडत नव्हतं. साहेब खूश, शेट खूश. बाबाजीचा तर फायदाच. ते साल दोन हजार नऊ, महिना मार्च. बाबाजी तोंडवळी गावचा, घरी बायको रंभा आणि दोन पोरी. इथे अकरा वर्षं रिगर होता. म्हणजे क्रेनखाली उभं राहून ओझ्याला तारेचे दोर बांधायचे आणि वरच्याला हात दाखवायचा. मंदी आली, नोव्हेंबरात क्रेन जिथल्या तिथे थांबल्या, जानेवारीत माणसं मोजायला लागले आणि फेब्रुवारीत कंपनीने बाबाजीचा व्हिसा कापला. देश सोडायला नाहीतर दुसरं काम धरायला तीस दिवस. त्यातले एकोणीस गेले होते.

अलीमियाँनी सांगितलं होतं, "माझ्याकडे माल आहे, पण गाठ मारणारा माणूस नाही. दहा दिवस बस. जमलं तर व्हिसा मी लावतो. नाही जमलं तर तुझं गाव आहेच."

बाबाजी बसला होता तो गाठीसाठी. आणि आल्या दिवशीच छाती पुढे काढून बोलला होता, "शेटानू, आमच्या आज्यान जाळी इणली, बापाशीन इणली. आमची गाठ एकदा बसली की मोरी माशाच्या बापाक सुटाची नाय." साहेबांची गाठ त्यानेच मारून दिली होती. दोरीच्या पुढे जाड नायलॉनचा तुकडा, आणि दोघांच्या मध्ये ही जाळ्याची गाठ.

आता शेट त्याच्याकडे बघत होते, आणि तो त्या वळलेल्या शेवटाकडे.

"खोको परत धाडू नको, शेटानू. दोरी चांगली हा. दुसरी हाडलास तरी ह्याच गाठीत सुटतली. गाठ चुकली. आणि ती मियाच मारलेलंय."

अलीमियाँचे डोळे बारीक झाले. "बाबाजी, तू काय बोलतोस ते तुला कळतंय?"

"बोलतंय कशाक, दाखवतंयच."

आखातातल्या प्रत्येक खोलीत एक लटकता काटा असतो, गावी जाताना बॅगा तोलायचा. दुकानातला काटा बाबाजीने रॉडच्या लोखंडी स्टँडला अडकवला. त्याला नायलॉन बांधलं, नायलॉनला आपल्या जाळ्याच्या गाठीने तीच दोरी जोडली आणि दोरीचं दुसरं टोक एका लाकडी दांडक्याला गुंडाळलं. हाताला गुंडाळली असती तर बोट कापून हातात आलं असतं.

"काटो वाचा सायबानू."

"दोन... तीन... साडेतीन... चार..."

सर्रकन दोरी निसटली. शेवट पुन्हा डुकराच्या शेपटीसारखा.

"चार किलो!" साहेब म्हणाले. "खोक्यावर तर तीस पाउंड लिहिलंय. साडेतेरा किलो!"

"बापाशीचा सूत खरबरीत होता. गाठ धरी. ही दोरी तेल लावलेल्या माशासारी. धरताच नाय."

"मग तुला ठेवून मी काय करू?" अलीमियाँनी विचारलं. ते थट्टेत नव्हते, आणि बाबाजीला ते ठाऊक होतं.

"पाच मिनटां द्या."

त्याने पुन्हा नायलॉन घेतलं, बोटांमध्ये फिरवून बघितलं. गुळगुळीत, गोल, ताठ. असला गुळगुळीत गोल माल त्याने अकरा वर्षं उचलला होता. ग्रीस लागलेले लोखंडी पाइप. पाइपाला दोराचा एकच फास टाकला की तो घसरतो आणि खाली कोणाचं तरी डोकं जातं. म्हणून दोर दोन वेढे फिरवून घ्यायचा, मग ओझं जितकं ओढेल तितका तो आवळतो.

गाठ मारायचीच नव्हती मुळात. वेढायचं होतं.

त्याने नायलॉन ताठ धरलं आणि दोरी त्यावर फिरवायला घेतली. एकदा वरून, एकदा खालून, चटई विणावी तशी, वीस वेढे. ओठांतून ओली करून सावकाश आवळली. वेढे एकमेकांना इतके चिकटले की नखाला खाच लागेना.

"वाचा."

"पाच... आठ... दहा... अकरा... बारा..."

फाट! दोरी तुटली. गाठीत नाही, मधोमध, आणि तुटलेलं टोक कापसासारखं पिंजारलेलं.

"तुटलेली अशी दिसता," बाबाजी म्हणाला, जसं काही सकाळपासून एवढंच सांगायचं राहिलं होतं.

साहेबांनी ती गाठ दोनदा चाचपली. मग म्हणाले, "पण रिस्क कशाला? सरळ ऐंशी पाउंडाची जाड दोरी दे."

"त्या दोरयेन काय टॉवर उचलतलास? जाड दोरी वाऱ्यात अडकता. शिसां पडात तुमच्या पायाकडे, मासो रवतलो थय लांब. कल्ब्याक रेती हा, खडक नाय, मगे ही बारीक आठपदरीच होयी. सरसरीत जाता. खोर फक्कानच्या खडकार गेलास तर चारपदरी घेवा. ती खरबरीत, लांब जावची नाय, पण घासली तरी टिकता."

"आणि हे जाड नायलॉन?"

"फेकताना झटको त्याका. रेतयेची घास पण त्याका. दोरयेक नुसतो प्रवास."

साहेब हसले. तेच रीळ पुढे सरकवून म्हणाले, "यालाच नवी गाठ मार. शुक्रवारी परत मासा गेला तर तुझ्या नावाने ओरडेन."

"ओरडा. पण पयलो फोटो काढून हाडा."

साहेब गेले. अलीमियाँनी खोका उचलून परत फळीवर ठेवला. खोका परत गेला असता तर एजंटने तो उघडून, दोरी ओढून बघितली असती, आणि राजापूरच्या म्हाताऱ्याला दोरी कळत नाही हे बाजारभर झालं असतं.

"पासपोर्टची कॉपी आहे?"

"खिशातच असा."

"उद्या व्हिसाचा अर्ज भरायला टायपिंगवाल्याकडे जाऊ. आणि तो काटा काढू नकोस. इथेच राहू दे."

बाबाजीने मान हलवली, आणि कपाटावरचं वहीचं पान खाली घेतलं. दहा दिवसांत त्याने सात जणांना गाठ मारून दिली होती. साहेब सोडले तर सहा, सगळ्यांचे नंबर त्यावर होते. त्याने फोन उचलला आणि पहिला नंबर लावला.

"हॅलो, कुसैसच्या दुकानातसून बाबाजी बोलतंय. तुमचां रीळ घेवन येवा. नाय, दोरी बरी हा. गाठ बदलूची हा. आजच येवा, मी हयच आसय."