लाइनमनकाकांचा अर्धा गुण

आमच्या लाइनमनकाकांसमोर कोणी हात पुढे केला आणि त्यांनी तो धरला नाही, असं मी कधी पाहिलं नाही. वीज गेली म्हणून भांडायला आलेल्या माणसाशीही ते खांबावरून उतरून आधी हात मिळवत. म्हणत, "हात पुढं आला त् धराचा. त्याले रिकामा कायले ठेवाचा?"

केशोरी गावच्या खांबांवर चढण्यात त्यांची उमर गेली आणि गुडघेही. रविवारी मात्र एसटीने गोंदियाला येऊन आमच्यात बुद्धिबळ खेळत. खेळणं कमालीचं संथ. मी चिडलो की म्हणत, "काऊन, गाडी सुटून राहिली काय तुझी?" आणि पुन्हा पटात डोकं खुपसत. मी स्वतःला फार शहाणा समजे, पण दहातले सहा डाव तेच जिंकत.

त्यांच्या निवृत्तीच्या वर्षी जिल्हा स्पर्धेचा शेवटचा डाव आम्हा दोघांतच आला. राज्य स्पर्धेला एकच जण जाणार होता. माझा अर्धा गुण जास्त, म्हणून मला बरोबरी पुरत होती. त्यांना जिंकणंच भाग होतं. राज्याला ते कधीच गेले नव्हते. "आता पुढल्या साली गुडघे येऊ देत नाहीत," असं सकाळी चहा पिताना मलाच म्हणाले होते.

तिसाव्या खेळीच्या सुमारास माझा राजा उघडा पडला. त्यांचा हत्ती शेवटच्या ओळीत गेला की मी संपलो. खेळी त्यांची होती आणि ते हत्तीकडेच पाहत होते. त्यांच्या पाळीत बरोबरी विचारणं नियमातही बसत नव्हतं, तरी मी अगदी ठरवून पटावरून हात पुढे केला.

"काकाजी, ड्रॉ?"

त्यांनी हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि हात धरला.

बाहेर आल्यावर मी निर्लज्जपणे विचारलं, "हत्ती दिसला नाही का?"

"दिसून राहिला होता ना," ते म्हणाले आणि एसटी स्टँडकडे निघाले.

राज्यात मी सपाटून हरलो. पुढे रविवारी काही ना काही काम काढून त्यांना टाळत राहिलो. माफी मागायला केशोरी काही लांब नव्हती, पण गेलो तो ते वारल्यावरच.

त्यांच्या मुलीने त्या डावाच्या खेळ्या लिहिलेला कागद माझ्यापुढे धरला. "बाबांनी एवढाच जपून ठेवला. मले यातलं समजत नाही. ते जिंकून राहिले होते काय?"

घरातले सगळे माझ्याकडे पाहत होते.

"नाही," मी म्हणालो, "बरोबरीचाच डाव होता."