हळदीचे पाय

आमच्या चर्चच्या मंडळीतले एक वडीलधारे निवृत्त साहेब होते. खुर्ची सुटली, पण साहेबी सुटली नाही. वऱ्हाडी मुलखातल्या मालेगावच्या त्या पत्र्याच्या प्रार्थनाघरात दर रविवारी मी मुलांचा वर्ग घेते. साहेब मागच्या बाकावर बसून माझे उच्चार तपासायचे. शास्त्र त्यांना तोंडपाठ होतं, आणि ते फक्त तोंडातच होतं.

दोन वर्षांपूर्वी उपवासकाळात त्यांनी फर्मान काढलं, "मॅडम, मुलांना नुसतं सांगून उपयोग नाही. शास्त्र जगून दाखवलं पाहिजे. प्रभूनं शिष्यांचे पाय धुतले, तसे मी बारा मुलांचे धुणार." फोटो काढायला भाचा ठरला. पांढराशुभ्र नवा टॉवेल आला. वर मला सूचना, "सगळ्यांना घरून साबणानं पाय धुऊन यायला सांगा. स्वच्छ मोजे घालून."

मला हसू आलं होतं. तरी मी वर्गात तो निरोप दिला. मुकाट्यानं.

बारा जणांत एक नऊ वर्षांची मुलगी होती. तिची आई हळदीच्या कामावर जायची, आणि शाळा सुटली की ही पण. अंगणभर वाळत घातलेली शिजवलेली हळद पायांनी परतायची. गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी, पुण्य गुरुवारी, ती आली आणि तिनं मोजे काढले तेव्हा पाय घोट्यापर्यंत पिवळेजर्द होते.

साहेब परातीपुढे गुडघ्याखाली उशी घेऊन बसले. पहिल्या सात जणांचे पाय त्यांनी असे चोळले की पाहणाऱ्याला भरून यावं. भाचा फोटो काढत होता. आठवी ही. साहेबांनी पाय पाहिले, नाक आकसलं, हातभर उंचावरून तांब्यातून धार सोडली आणि म्हणाले, "पुढचा."

तिनं पाय परातीतून काढले नाहीत. "काका, माह्ये धुवाचे राह्यले."

"झाले तुझे."

"नाही झाले. तुमी हातच नाही लावला." मग तिनं रांगेतल्या बाकीच्यांकडे पाहिलं. "त्याईचे त साफच होते. त्याईचे कायले धुतले मंग?"

भाच्यानं फोन खाली केला. साहेब माझ्याकडे वळले. "मॅडम, हेच शिकवता का?"

 मी पुढे जाऊन परातीपाशी बसले. आधी नव्या साडीचे काठ सावरले, मग तिचे पाय धरले. म्हणजे साहेबांना हसायचा मला फारसा अधिकार नव्हताच. मी चोळत राहिले, पाणी पिवळं झालं, पाय तसेच.

ती हळूच म्हणाली, "मॅडम, पान्यानं नाही जात ते. राहू द्या."

दुसऱ्या दिवशी तिची आई कामावरून थेट साहेबांच्या दारात गेली. मीही तिच्याबरोबर होते. ती हात जोडून म्हणाली, "पोरगी लहान हाये साहेब, बोलून गेली. माफी द्या."

साहेबांनी तिला पायरीवरच उभं ठेवलं. "शास्त्र आपल्याला क्षमा करायला सांगतं," ते म्हणाले. "मी केली." इतक्या तृप्त चेहऱ्यानं क्षमा करणारा माणूस मी पुन्हा पाहिला नाही. बाईला पाणीसुद्धा विचारलं नाही.

रविवारी, ऐन ईस्टरच्या सणाच्या दिवशी, त्यांनी उभं राहून त्याचीच साक्ष दिली: एका उद्धट मुलीनं त्यांचा भरसभेत अपमान केला आणि शास्त्राच्या बळावर त्यांनी तो कसा गिळला. ऐकणाऱ्यांतल्या दोघांनी डोळे पुसले. मी वर्गातल्या पोरांना उठवलं आणि बाहेर ओट्यावर आणून बसवलं. आतला आवाज तिथंही येत होता.

त्या हळदीच्या पायांच्या मुलीनं मला विचारलं, "काका कोनाची गोष्ट सांगून राह्यले?"

"त्यांची स्वतःची," मी म्हणाले. त्या दिवशी मी धडा घेतला नाही.