चौथी प्रत

आमच्या संस्थेतल्या बाईंना कार्बनशिवाय लिहिता येत नसे. कागद समोर आला की त्याखाली त्यांचा हात आपोआप कार्बन सरकवी, मग दुसरा कागद, पुन्हा कार्बन, आणि चार कागदांची चवड जमली की मगच बॉलपेन उचललं जाई. हवामानाचे आकडे चार प्रतींत, रजेचा अर्ज चार प्रतींत, इतकंच काय, किराण्याची यादीसुद्धा चार प्रतींत. एकदा मी मागितलेल्या पावसाच्या तक्त्याला चिकटून त्यांच्या घरची यादी आली. तूरडाळ, गूळ, कपडे धुण्याचा साबण, पापडखार. ती परत करायला गेलो तर म्हणाल्या, "राहू दे गा. मास्तरची प्रत मास्तरजवळ आहे." मास्तर म्हणजे त्यांचे यजमान, सक्करदऱ्याच्या प्राथमिक शाळेत शिकवायचे. अतिशय शांत माणूस. ते मला एकदा हळूच म्हणाले होते, "आमच्या घरी भांडण झालं ना, तेही चार प्रतींत होते."

ही गोष्ट सत्तरच्या आसपासची. नागपुरातल्या एका विज्ञान संस्थेत मी भूगर्भशास्त्रात संशोधन करत होतो. संस्थेच्या मागच्या पटांगणात तारेच्या कुंपणात एक छोटी वेधशाळा होती: पांढऱ्या झडपांची पेटी, तिच्यात तापमापक, बाजूला पाऊस मोजायचं नळकांडं. बाई त्या कुंपणाच्या मालकीण. सकाळी साडेआठला आणि संध्याकाळी साडेपाचला त्या सायकलवरून उतरत, मे महिना असेल तर डोक्याला ओला टॉवेल गुंडाळत, आणि वही उघडत. रविवार नाही, दिवाळी नाही. मी एकदा विचारलं, तर उलट मलाच प्रश्न आला, "पाऊस काय रविवारची सुट्टी घेते?"

पहिली प्रत कार्यालयाची, दुसरी वरच्या ऑफिसची, तिसरी कपाटातल्या फाइलची. चौथी प्रत कोणाचीच नव्हती. सगळ्यात पुसट, डोळ्यांजवळ धरून वाचावी लागणारी. तिच्यावर बाई कोपऱ्यात लिहीत, "ज्याले लागन त्याची." आणि लागणारे कुठून कुठून येत. डासांवर काम करणारे एक डॉक्टर येत, कारण पाऊस कधी पडला हे कळलं की हिवतापाचे डास कधी वाढणार हे त्यांना कळे. संत्र्याच्या बागांवर काम करणारे एक गृहस्थ येत. मी येई, कारण नागपूरजवळच्या बेसा गावातल्या विहिरींचं पाणी पावसानंतर किती दिवसांनी वर चढतं हा माझा विषय होता. बाईंना कोणाचं नाव लक्षात ठेवायची गरज वाटत नसे. आमची ओळख त्यांनी विषयांवरून करून दिली. "डॉक्टर, हे विहीर. विहीर, हे डास. अन् ते खुर्चीवर बसून राहिले ना, ते संत्रा."

या डास आणि संत्र्याचं एकदा चांगलंच वाजलं. संत्रावाले म्हणत होते, त्या आठवड्यातला मोठा पाऊस मंगळवारी पडला, मी स्वतः बागेत चिंब झालो. डॉक्टरांच्या तक्त्यात तो बुधवारी होता. दोघंही शिकलेले, त्यामुळे आवाज चढले. बाईंनी दोघांना चहा दिला आणि म्हणाल्या, "दोघंही बरोबर आहा. मंगळवारी दुपारी पडलेला पाऊस मी बुधवारी सकाळी साडेआठले मोजतो, म्हणून तो बुधवारच्या नावावर जाते. तुमचा दिवस रात्री बाराले बदलते, माहा सकाळी साडेआठले." त्या दिवसापासून प्रत्येक प्रतीच्या माथ्यावर त्या लिहू लागल्या, "हा पाऊस काल सकाळी साडेआठ ते आज सकाळी साडेआठ." संत्रावाल्यांचे माळी तर पाऊस नक्षत्रावर मोजत. त्यांच्यासाठी बाईंनी नक्षत्रांचा वेगळा रकाना आखला. त्यांचं म्हणणं एकच असे, "ज्या आकड्याले घर नाही, गाव नाही, तो आकडा कोणाच्या कामाचा?"

मध्यंतरी एक नवे साहेब आले. त्यांनी फतवा काढला की संस्थेचे आकडे लेखी परवानगीशिवाय बाहेर जाता कामा नयेत. बाईंना बोलावून त्यांनी समजावलंही, "उद्या या लोकांनी तुमच्या आकड्यांवर निबंध छापला तर?"

"छापू द्या ना साहेब," बाई म्हणाल्या. "पाऊस काही माह्या बापाचा नाही."

मग त्यांनी लेखी परवानगी मागायला सुरुवात केली. रोज, प्रत्येक माणसासाठी, प्रत्येक आकड्यासाठी वेगळा अर्ज, अर्थात चार प्रतींत. पंधरा दिवसांत साहेबांच्या टेबलावर पेपरवेट दिसेनासा झाला. शेवटी त्यांनी वैतागून एकाच कागदावर कायमची परवानगी लिहून द्यायचं ठरवलं, तर सही करायच्या आत बाईंनी त्या कागदाखाली कार्बन सरकवला.

या मोकळ्या हाताला त्यांची एकच अट होती. नेणाऱ्यानं आपलेही काही आकडे आणून द्यायचे. "विरजण मागाले आलेल्याले कोणी नाही म्हणते का गा?" त्या म्हणत. "चमचाभर देल्लं तर आपलं दही कमी होत नाही. अन् उद्या आपलं नासलं तर त्याच्याच घरी वाटी घेऊन जाता येते. पण वाटी रिकामी परत करायची नाही, एवढं पाह्य." डॉक्टर डासांचे आकडे देत, संत्रावाले बहराच्या तारखा देत. वर्ष उलटलं तरी रिकामी वाटी घेऊन फिरणारा त्या खोलीत एकच जण होता. तो मी.

मला भीती होती. माझ्याच विषयावर पुण्यात कोणीतरी काम करतंय असं कानावर आलं होतं आणि माझी शिष्यवृत्ती तिसऱ्या वर्षाच्या मार्चअखेर संपणार होती. त्याआधी प्रबंध झाला नाही तर घरी जाऊन वडिलांच्या दुकानात बसायचं, हे ठरलेलं होतं. बावीस विहिरी, दर रविवारी सायकलवरून बेसा, काठावर वाकून टेप खाली सोडायची आणि पाणी किती फुटांवर लागलं ते लिहायचं. हा सगळा ऐवज एका वहीत होता. फाउंटन पेननं, झकास अक्षरात, एकाच प्रतीत. ती वही मी झोपतानासुद्धा उशाशी ठेवायचो. (पुण्याचा तो माणूस तलावांवर काम करत होता, हे मला पुढे सात वर्षांनी कळलं.)

एका पावसाळ्यात डॉक्टरांना विहिरींमधलं पाणी किती वर आलंय ते हवं होतं. बाईंनी सगळ्यांसमोर माझ्याकडे मागितलं, त्यामुळे नाही म्हणता येईना. मी त्या पावसाळ्याचे आकडे दिले, पण हुशारी केली. विहिरींची नावं गाळली. "विहीर क्रमांक एक", "विहीर क्रमांक दोन", असं बाविसापर्यंत. शिवाय मी टेप विहिरीच्या काठापासून सोडत असे, आणि प्रत्येक विहिरीचा काठ जमिनीपासून किती उंच आहे हे वहीत माझ्यापुरतं लिहिलेलं होतं. तेही दिलं नाही, आणि त्यावाचून पाणी जमिनीखाली किती खोल ते कळत नाही. आकडे दिले, पण असे की कोणाच्या बापाला उपयोग होऊ नये.

बाईंनी कागद पाहिला, मग माझ्याकडे पाहिलं. "सात नंबरची विहीर म्हणजे कोणाची गा?"

"आहे एक," मी म्हणालो.

"बरं," म्हणाल्या आणि कागद चवडीत घातला. मला वाटलं, सुटलो.

पुढच्या वर्षीची दिवाळी झाल्यावर एका रविवारी बेशात, त्याच सात नंबरच्या विहिरीवर, मी पिशवी काठावर ठेवली, टेप सोडायला वाकलो आणि कोपर लागलं. पिशवी खाली गेली. धुणं धुणाऱ्या एका आजीबाईंनी विचारलं, "काय पडलं गा?" मी म्हटलं, वही. "असं होय," त्या म्हणाल्या, "मले वाटलं बादली पडली." त्यांच्या मुलानं गळ टाकून तासाभरानं पिशवी वर काढली. वही शाबूत होती. आत एकही आकडा नव्हता. अडीच वर्षांची शाई निघून गेली होती आणि पानं आकाशी रंगाची झाली होती. मी ती वही छातीशी धरून विहिरीच्या काठावर बसलो आणि चक्क रडलो. आजीबाईंनी मला प्यायला पाणी दिलं, त्याच विहिरीचं.

दुसऱ्या दिवशी बाईंसमोर जाऊन उभा राहिलो. त्या रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्यांनी ओली वही हातात घेतली, उन्हात ठेवली, आणि लोखंडी कपाटातून एक कागद काढून माझ्यापुढे धरला. मी दिलेल्या आकड्यांची चौथी प्रत. वर माझं नाव. पण खाली विहिरींच्या क्रमांकांपुढे बाईंच्या अक्षरात बरंच काही होतं. "सात: पाटलांची, आंब्याखालची. काठ जमिनीपासून अडीच फूट." "आठ: शाळेमागची. काठ दीड फूट, एका बाजूनं खचलेला." बाविसापर्यंत.

"हे तुम्हाला कसं कळलं?"

"तूच तर लाल रंगानं नंबर लिहून ठेवले विहिरींवर," बाई म्हणाल्या. "गावात कोणालेही विचारलं तर सांगतात. मी अन् मास्तर दोन शनिवार गेलो, टेप घेऊन. डॉक्टरले द्यायचं होतं ना. बिनानावाचा कागद कसा देऊ?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण बाईंना माझ्या लाजेत रस नव्हता. त्यांनी सायकल काढली, मला माझी काढायला लावली आणि आम्ही थेट डॉक्टरांच्या खोलीत गेलो. बाईंनी तो पूर्ण केलेला कागद दिल्यापासून डॉक्टरांची माणसं दर पंधरा दिवसांनी माझ्याच विहिरींवर जात होती, डासांच्या अळ्या काढायला. प्रत्येक फेरीचं एक कार्ड. कार्डावर अळ्यांची संख्या, आणि सगळ्यात शेवटी एक रकाना: "दोर." किती हात दोर सोडल्यावर बादली पाण्याला टेकली ते. डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी किती दोर न्यायचा ते कळावं म्हणून किसन लिहितो. आम्हाला त्याचा दुसरा काही उपयोग नाही."

मला होता. काठापासून पाण्यापर्यंतचं अंतर, बाविसांपैकी सतरा विहिरी, सव्वा वर्ष. ज्या कागदातून मी नावं चोरली होती, तोच कागद बाईंच्या हातून जाऊन माझे आकडे परत घेऊन आला होता, आणि जाताना नेले होते त्यापेक्षा जास्त आणले होते.

फक्त ते हातांत होते. मी म्हटलं, हाताचे फूट कसे करायचे? बाईंनी किसनला बोलावलं. हा डॉक्टरांचा दोर सोडणारा माणूस, उंचापुरा. "किसन, हात लांब कर गा." कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत त्यांनी पट्टी लावली. साडेअठरा इंच भरले. बाईंनी ते लिहून घेतलं, आणि किती प्रतींत ते सांगायला नको.

प्रबंध मार्चच्या आत झाला. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या परीक्षकांनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "हे हात नावाचं माप कुठलं?" मी म्हणालो, "किसनचं, सर." त्यांनी ते समासात लिहून घेतलं.

तेव्हा प्रबंध टंकलिखित असत, कार्बन घालून. पहिल्या तीन प्रती विद्यापीठाच्या. चौथी, पुसट, माझी. ती घेऊन मी बाईंकडे गेलो आणि म्हणालो, "बाई, ही तुमची वाटी." त्यांनी शेवटचा तक्ता काढून नीट पाहिला, त्याखालची डास, संत्रा, किसन यांची पूर्ण नावं वाचली आणि म्हणाल्या, "मास्तरचं नाव राहिलं. टेप त्यानंच धरली होती." मी तिथल्या तिथे पेननं लिहिलं. बॉलपेननं.

नोकरीसाठी मी नागपुरातच राहिलो. बाई निवृत्त झाल्या, पाच-सहा वर्षांनी गेल्याही. मी तेव्हा परगावी होतो, पोचू शकलो नाही, आणि ते मला अजून लागतं. महिन्याभरानं मास्तर सायकलवरून आमच्या दारात आले. हँडलला कापडी पिशवी. तिच्यातून त्यांनी कागदांचा गठ्ठा काढला. निवृत्तीनंतर दर महिन्याला ते दोघं बेशाला जात होते. बाईंचे गुडघे चालेनासे होईपर्यंत माझ्या बावीस विहिरी त्यांनी मोजल्या होत्या. बुजलेल्या विहिरींपुढे "बुजवली" असं लिहून तारीख घातली होती. प्रत्येक पानाच्या माथ्यावर माझं नाव होतं, आणि अक्षर गडद निळं. जन्मभर त्यांच्याकडून चौथ्या प्रती नेल्या, ही पहिली होती.

"बाकीच्या तीन?" मी विचारलं.

"त्या देऊन टाकल्या तिनं," मास्तर म्हणाले. "कोणाले, ते मले नाही सांगितलं. ही मात्र विहीरले द्या म्हणे."

चहा झाला. मास्तर उठले आणि रिकामी पिशवी घडी करू लागले. मी ती त्यांच्या हातातून घेतली, आत गेलो आणि माझ्या टेबलावरचं त्या वर्षीचं काम, अजून कुठेही न छापलेलं, त्याची चौथी प्रत पिशवीत घालून बाहेर आलो.

मास्तरांनी आत डोकावून पाहिलं. "आता हे मी कोणाले देऊ?"

"ज्याले लागन त्याले," मी म्हणालो.

त्यांनी मान हलवली आणि पिशवी पुन्हा हँडलला अडकवली.