बाबांचा पोळ्याचा सदरा

पोळ्याची सकाळ, १९७९. काम: बाबांचा नवा सदरा बेतणे आणि दुपारच्या आत शिवून देणे.

भंडाऱ्याला शिवणाचा सरकारी वर्ग पुरा करून मी नुकतीच आसगावला परतले होते. वर्गात पहिली आले होते, पण नोकरी कुठेच नव्हती. घरात मशीन आलं तर निदान स्वतःचा धंदा. बाबा म्हणाले, "सदरा बसला तं मशीन घेऊ. नाही तं उद्यापासून धान निंदाले चाल."

शेजारच्या गिरजाकाकूंचं मशीन मागून आणलं. ओसरीत कोवळं ऊन होतं, बाहेरून धुतलेल्या बैलांचा ओला वास येत होता, आणि माझ्या डोळ्यांपुढे पवनीच्या बाजारात माझं दुकान उघडलं होतं. काचेचं कपाट, दारात गिऱ्हाइकं, छताला पंखा. (पंखा फिरतही होता.) त्या वाऱ्यात मी कापलं, शिवलं, काजं केली. कापड इतकं उरलं की वाटलं, शिक्षणाचा फायदा म्हणतात तो हाच!

बाबांनी सदरा चिमटीत धरला.

"हे काय होय?"

"सदरा. तुमच्याच मापाचा."

"हा घालाले मले आणखी एकदा जन्माले या लागन, बाई. आन् तरी घट्टच होईन."

कापड वाचावं म्हणून वर्गात सगळे कपडे पाव मापाचे शिवायला लावत. त्यासाठी पाव इंचाला इंच धरणारी पट्टी होती. मी तीच लावली होती. वर्षभर तेवढेच सदरे पाहिल्यामुळे माझ्या नजरेला काही खटकलंही नाही.

"परत बेतते नं, बाबा. कापड उरलं आहे."

"राहू दे. बैल खोळंबून राहिले."

जुनाच सदरा घालून ते बैल घेऊन पोळ्याच्या तोरणाखाली गेले. माझं दुकान पंख्यासकट मिटलं.

संध्याकाळी गिरजाकाकू मशीन न्यायला आल्या. सदरा पाहून हसून झाल्यावर म्हणाल्या, "उद्या लेकरांचा तान्हा पोळा. आमच्या नातीच्या लाकडी बैलाले झूल पायजे. तुहा हात याच मापाले बसला नं?"

बाबा दारातून म्हणाले, "झूल बसली तं मशीन घेऊ. पण मी आपला पवनीच्या टेलरकडंच जाईन."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी माझ्या पहिल्या गिऱ्हाइकाचं शिंगांपासून शेपटीपर्यंत माप घेतलं. चाकांवर असूनही ते हललं नाही. तरी कात्री लावण्याआधी काकूंना दोनदा विचारलं, बैल एवढाच आहे ना.