आमच्या टोकाचा ढाळ

पंगतीत बसला की नाना आधी आमटीकडे बघायचा. पत्रावळीवर वाढलेली आमटी कुठल्या बाजूला पळते हे नीट पाहून झालं की मगच पहिला घास. मग शेजारच्याला कोपर मारून सांगणार, "मांडवाची जमीन तिकडं दोन बोटं उतरलीय." शेजारचा बिचारा जेवायला आलेला असायचा, जमीन कुठं का उतरेना, त्याला काय! पण नानाला राहवत नसे. उताराच्या, म्हणजे ढाळाच्या, ह्या वेडावरून सगळं बदलापूर गाव त्याला ढाळनाना म्हणायचं, आणि त्याला ते मनापासून आवडायचं.

नाना माझा सख्खा काका, बाबांचा धाकटा भाऊ. तरुणपणी अंबरनाथला एका वर्कशॉपात पत्र्याचं काम शिकला आणि पुढे स्वतःच छपरांना पन्हळी लावायची कामं घेऊ लागला. गावातली कौलं उतरून पत्रे चढायला लागले, ते त्याचे भरभराटीचे दिवस. शिरगावात बंगले उठत होते, उल्हासनगरात दुकानांवर शेड पडत होत्या, आणि छप्पर आलं की त्याच्या कडेला पाणी झेलणारी पन्हळ आलीच. लोक तिला सरसकट गटर म्हणत. ते ऐकलं की नाना भडकायचा. "गटर रस्त्याच्या कडंला असतंय. तिच्यात गावाची घाण जाते. हिच्यात काय घाण हाय?" असं विचारून तो समोरच्याला गप्प करायचा.

काम मात्र बघत राहावं असं. पारदर्शक नळीत पाणी भरून तिची दोन टोकं छपराच्या दोन कडांना धरायची, दोन्हीकडच्या पाण्याच्या रेघा मारायच्या, आणि मग ज्या टोकाला पाणी न्यायचं त्या बाजूची रेघ मोजून खाली घ्यायची. हा त्याचा ढाळ. त्या दोन खुणांमध्ये दोरी ताणायची, दोरीला धरून हुक ठोकायचे. पन्हळीचे तुकडे जोडताना वरचा तुकडा नेहमी खालच्याच्या आत, म्हणजे वाहतं पाणी जोडात शिरत नाही. सगळं झालं की वरच्या टोकाला तांब्याभर पाणी आणि मूठभर कुरमुरे. शेवटचा कुरमुरा खालच्या पाइपातून बाहेर पडेपर्यंत नाना शिडीखालून हलत नसे. एखादा अडकला की तो हुक काढून पुन्हा ठोकायचा. घरमालक म्हणायचा, "अहो नाना, एका कुरमुऱ्यासाठी?" नाना त्याच्याकडे बघायचासुद्धा नाही.

ढाळ दिलेली पन्हळ डोळ्याला जराशी तिरकी दिसते, आणि गिऱ्हाइकाला सगळं सरळ रेषेत हवं असतं. त्यावरून नानाची रोज कुणाशी तरी जुंपायची. उल्हासनगरात त्याचा एक सिंधी दोस्त होता, कापडाचा दुकानदार. त्यानं रस्त्यावर उभं राहून हाक मारली, "नाना, ये तो टेढा है!" नाना शिडीवरूनच म्हणाला, "साईं, आँख को टेढा है, पानी को सीधा है. तेरे को दुकान किससे बचाने का है, आँख से या पानी से?" दुकानदार हसला, पण हेका सोडीना. शेवटी नानानं पन्हळीपुढे एक सरळ पट्टी ठोकून दिली, मागे पन्हळ आपली तिरकीच. दोघंही खूश. पट्टीच्या मापावरून मात्र नंतर दोघं तासभर भांडले.

त्याला स्वतःच्या हाताचा गर्व होता. नसलेला विनय दाखवायचा ढोंगीपणाही नव्हता. "माझ्या हातनं ढाळ चुकला असं दाखवा, शिडी विकून टाकतो," हे वाक्य गावानं त्याच्या तोंडून उठता-बसता ऐकलेलं. पावसात अंबरनाथच्या शिवमंदिरात गेला तर आधी बाहेर भिजत उभा राहून दगडावरून पाणी कसं उतरतं ते बघायचा आणि मग आत जाऊन हात जोडायचा. काकी म्हणायची, देवाचं तोंड बघायच्या आधी ह्यांना त्याचं छप्पर बघायला लागतं.

अशा माणसाच्या स्वतःच्या परसात दर पावसाळ्यात तळं साचायचं. काकी विटांवर पाय ठेवत न्हाणीघरात जायची. लोक चेष्टा करत, गावाला ढाळ देतो नि आपल्या दारात बेडूक पाळतो. नाना म्हणायचा, "माझ्याकडंच बरं हाय ते पाणी." ही चेष्टा आमच्या घरात कुणी कधी केली नाही, कारण ते पाणी त्याच्याकडे का गेलं हे आम्हाला माहीत होतं. निदान मला तरी तसं वाटत होतं.

आमचं घर म्हणजे एकच लांब घर, मधोमध भिंत घालून दोघा भावांनी वाटून घेतलेलं. कौलं काढून पत्रे घातले तेव्हा मागच्या बाजूला नानानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत एकच पन्हळ लावली. अर्धी आमच्या छपराची, अर्धी त्याच्या. पाणी दोनपैकी एका टोकालाच उतरणार होतं. त्यानं ढाळ आमच्या टोकाला दिला. बाबांनी विचारलं, "इकडंच का रे?" नाना म्हणाला, "जमीन तिकडंच उतरती हाय, दादा." बाबांनी मान हलवली. ढाळाच्या बाबतीत नानाला कोण विचारणार? त्याच्या टोकाला नुकतंच बांधलेलं न्हाणीघर होतं, आमच्या टोकाला स्वयंपाकघराची मातीच्या विटांची भिंत होती. दोन पावसाळे दोन छपरांचं पाणी त्या भिंतीच्या पायात पडत राहिलं. तिसऱ्या पावसाळ्यात एका दुपारी बाबा जेवत असताना ती आत कोसळली.

बाबांचा जीव वाचला, पण उजवं पाऊल कामातून गेलं. कंपनीत उभ्यानं करायचं काम होतं, ते सुटलं. मी तेव्हा कॉलेजात होते. आई उल्हासनगरातून जीन्सचे गठ्ठे आणून घरी धागे कापायला बसू लागली, आणि तिची बोटं कायमची निळी झाली. नानानं भिंत पडली त्याच आठवड्यात पन्हळ उलटी फिरवली आणि सगळा ढाळ स्वतःकडे घेतला. रोज संध्याकाळी बाबांच्या खाटेपाशी येऊन बसायचा आणि म्हणायचा, "दादा, माझ्या हातनं चूक झाली." बाबा म्हणायचे, "जाऊ दे रे. च्या घे." चहा आई करायची, पण कप ती माझ्या हाती द्यायची. त्या दिवसापासून ती नानाशी बोलली नाही.

ती लग्न होऊन आली तेव्हा नाना शाळेत होता. त्याचा डबा तिनं भरला होता, त्याच्या लग्नात ती करवलीसारखी मिरवली होती. म्हणून तिचं न बोलणं मला जास्तच कठोर वाटायचं. बाबा हृदयविकारानं गेले, त्या दिवशीही नाना दाराशी उभा राहून रडला आणि आईनं त्याच्याकडे पाठ केली. मी तिला म्हटलं, "आई, माणूस आहे, चुकतो. किती वर्षं धरून बसणार?" ती म्हणाली, "तुला काय कळतंय त्यातलं?" मी तिला हट्टी म्हटलं. गावातल्या बायकांसमोरही म्हटलं. नानाची बाजू घेताना मला आपण फार मोठ्या मनाच्या आहोत असं वाटायचं.

पुढे माझी नोकरी लागल्यावर आम्ही आमचा अर्धा भाग पक्का बांधून घेतला. पुढच्या बाजूला पन्हळ हवी होती. आईनं भिंतीपलीकडच्या दिराला सोडून अंबरनाथहून माणूस बोलावला. त्यानं पत्र्याच्या कडेला धरून दोरी ताणली आणि एकदम सरळसोट पन्हळ लावून दिली. दिसायला देखणी. पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तिच्यात तुंबलं आणि बरोबर दारावर सांडू लागलं. नानानं ते त्याच्या ओट्यावरून पाहिलं असणार. मी कामावरून येताना त्यानं मला गल्लीत गाठलं. "वहिनीला इचार ना ग. त्या टोकाचे हुक खाली घ्यायला पायजेत, बस. मी आत पण येत नाय, भायरच्या भायर करून जातो." मी निरोप दिला. आई म्हणाली, "सांडू दे."

दर पावसाळ्यात तो विचारायचा आणि दर पावसाळ्यात मी तोच निरोप न्यायची. "चूक झाली म्हणावं, एकदा तिला सांग," नाना म्हणायचा. दारावर पाणी सांडताना त्याला ओट्यावर बसवत नसे. तो उठून आत जायचा. छपराचं काम मागायला एवढा अगतिक झालेला कारागीर मी दुसरा पाहिला नाही.

मग एका जूनमध्ये ते पाणी दारावरच्या मीटरच्या पेटीत शिरलं आणि ठिणग्या उडाल्या. मी मेन स्विच बंद केला. आईनं पेटीकडे पाहिलं. मग म्हणाली, "बोलाव त्याला."

नाना आला तेव्हा त्यानं धुतलेला सदरा घातला होता. त्याचे हात तोवर थरथरायला लागले होते, डॉक्टरांनी शिडी बंद केलेली. म्हणून शिडीवर मी चढले. नाना खालून सांगत होता, कुठला हुक काढायचा, किती खाली घ्यायचा. आईनं शिडी धरली होती. कितीतरी वर्षांनी ती दोघं हातभर अंतरावर उभी होती. शेवटचा हुक ठोकून झाला. मला वाटलं, आता नाना "चूक झाली" म्हणणार आणि आई ह्या वेळी तरी "असू दे" म्हणणार.

नाना म्हणाला, "वहिनी, चूक नव्हती झाली. मागची पन्हळ मी मुद्दाम तुमच्याकडं उतरवली. माझं न्हाणीघर नवं व्हतं. जमिनीचं मी खोटं सांगितलं."

हातातला हातोडा कुठे ठेवावा ते कळेना.

"ठाऊक हाय," आई म्हणाली. "तुझ्या हातनं ढाळ चुकत नाय. पैल्या दिवसापासनं ठाऊक हाय. चूक झाली, चूक झाली म्हणत व्हतास ना, म्हणून तर तोंड बघवत नव्हतं तुझं."

"दादाला सांगणार व्हतो. दरवेळी तोच आधी म्हणायचा, जाऊ दे रे."

"त्यांला पण ठाऊक व्हतं," आई म्हणाली.

नाना ओट्यावर बसला. आईनं शिडी सोडली नाही, कारण वर मी होते. ती मला म्हणाली, "उतर आता, सावकाश." मग ती आत गेली, चहा केला आणि कप स्वतःच्या हातानं त्याच्यापुढे ठेवला. तिच्याकडून तेवढं मिटलं. त्यानंतर ती त्याच्याशी बोलायची, काकीच्या गुडघ्यांची चौकशी करायची, सणाला पुरणपोळी पाठवायची. माझी मात्र तिच्याकडे मान वर करून बघायची सोय उरली नव्हती. हट्टी म्हटल्याबद्दल माफी मागितली तर म्हणाली, "गप. माझंच पोर हायेस."

नानाचं काही मिटलं नाही. आईपाशी त्यानं पुन्हा कधी तो विषय काढला नाही, पण मला गल्लीत गाठायचा, इकडेतिकडे बघायचा आणि हळूच म्हणायचा, "दादाला खरंच ठाऊक व्हतं ग?" मी म्हणायची, मला नाही माहीत नाना. ते खरंही होतं. रोज संध्याकाळी खाटेवर आडवे पडून, कदाचित सगळं ठाऊक असून, "च्या घे" म्हणणारे बाबा त्याला आता वेगळेच दिसत असणार.

दोन वर्षांपूर्वी तो आजारी पडला आणि उठलाच नाही. शेवटच्या दिवसांत मी दवाखान्यात त्याच्याजवळ बसले होते. आवाज अगदी बारीक झाला होता. त्यानं पुन्हा तेच विचारलं. हो म्हटलं तर त्याला बरं वाटेल की नाही म्हटलं तर, हे मला ठरवता येईना. कुठल्याही उत्तरानं त्याची सुटका होईल असं मला वाटेना. मी नुसता त्याचा हात धरला. त्यानं उत्तराची वाट पाहिली, मग माझ्या हातातून हात काढून घेतला आणि चादरीखाली ठेवला.