पॉवर ॲम्प्लिफायर आणि डग्ग्याची परीक्षा

'होम थिएटर' हा शब्द मी पहिल्यांदा वाचला तो शेंगदाण्यांच्या पुडीवर. नागपूरहून आलेल्या कुठल्याशा मासिकाचं ते पान होतं. शेंगदाणे बाजूला राहिले आणि मी ते पान तेलकट डागांसकट वाचून काढलं. घरात नाटकगृह! आदिलाबादच्या गणपतीत मी राजापासून दूतापर्यंत सगळी कामं केलेली. दूताला वाक्यं कमी असतात म्हणून मी ती पदरची घालायचो. असल्या माणसाला हा शब्द वाचून काय झालं असेल, ते सांगायला नको. मी पान बायकोला वाचून दाखवलं. ती कणीक मळत होती. मान वर न करता म्हणाली, "थिएटर आहेच की घरात. तिकीट तेवढं लावायचं राहिलंय."

नव्वदीच्या मधली ही वर्षं. मी मंडलाच्या कचेरीत होतो. कचेरीचं नाव बदलून बराच काळ झाला होता, पण गावात सगळे तिला अजून तहसीलच म्हणत. घरी रंगीत टीव्ही होता, व्हीसीआर होता, टेपडेक होता, एक ॲम्प्लिफायर होता आणि चार स्पीकरच्या चार पेट्या होत्या. दोन पेट्या टीव्हीशेजारी, दोन सोफ्याच्या मागे. मागच्या पेट्यांना आमच्या मेकॅनिकने काहीतरी उलटसुलट वायर जोडून दिली होती. त्यामुळे पडद्यावर घोडे धावले की त्यांच्या टापा मानेमागून यायच्या. शेजारचे पेन्शनर मास्तर पहिल्या दिवशी पाय वर घेऊन बसले होते.

पेट्या सागाच्या होत्या, आजोबांच्या जुन्या पलंगाच्या फळ्यांच्या. सुतार फळ्या कापत असताना मेकॅनिकने मला सांगून ठेवलं होतं की पेटी आतून रिकामी ठेवू नका, नाहीतर आवाज विहिरीतून आल्यासारखा येईल. आत काहीतरी मऊ भरा, कापूस भरा. कापूस! आदिलाबादेत कापूस दुकानातून आणायचा म्हणजे बासरला नदीच्या घाटावर बसून पाण्याची बाटली मागवायची. बेल्याला माझ्या आत्याचं शेत होतं. दसऱ्यानंतर पहिल्या वेचणीच्या दिवशी आमच्या सीमेवरच्या गावांत शेतात सीतादही करतात. दहीभाताचा नैवेद्य, कुंकू, आणि पूजेतला पहिला कापूस बाजारात न नेता घरी ठेवायचा, देवाच्या वातींसाठी. मी पेट्या करतोय हे कळल्यावर आत्या त्या वर्षीचा तो कापूस गाठोड्यात बांधून बसने घेऊन आली. घरात नवी वस्तू येते तर तिच्या पोटात पहिला कापूस असावा, असं तिचं म्हणणं. मी गाठोडं कपाळाला लावलं आणि कापूस होता तसा चारही पेट्यांत भरला. वर सुताराने स्क्रू आवळले.

इतकं सगळं झालं, पण एक दुखणं राहिलंच. आवाजाचं बटण अर्ध्याच्या पुढे गेलं की ॲम्प्लिफायर बोकडासारखा ओरडायचा. सिनेमातल्या मारामारीत ते खपून जाई. खपत नसे ते बायकोच्या कॅसेटला.

बायको नांदेडची. लग्नाआधी ती एका सरांकडे गाणं शिकायची. शेवटच्या दिवशी सरांनी तिचं एक भजन क्लासमध्येच टेपवर उतरवून घेतलं होतं. ती गातेय, सर स्वतः बाजाच्या पेटीवर, आणि तबल्याला क्लासमधलाच कोणीतरी. सर कडक. तोंडावर कुणाला बरं म्हटलं तर विद्या पळून जाते, असं त्यांचं मत. भजनाच्या मधोमध एक अवघड तान होती. ती बरी झाली की वाईट, हे सरांनी तिला त्या दिवशी सांगितलं नाही आणि नंतर सांगायला सर राहिले नाहीत. ही कॅसेट ती वर्षातून एखाद्या वेळी लावायची आणि अर्ध्यातून बंद करायची. म्हणायची, "डग्गा ऐका तुमचा. बिस्किटाच्या डब्यावर कुणी टिचकी मारतंय जणू."

मी मेकॅनिकला गाठलं. बसस्टँडजवळ त्याचं दुकान होतं. लग्नाच्या मंडपातले कर्णे दुरुस्त करता करता तो स्वतःच ॲम्प्लिफायर बांधायला लागला होता. त्याने माझं गाऱ्हाणं ऐकलं आणि कढईएवढा ट्रान्सफॉर्मर लावलेलं एक काळं धूड टेबलावर ठेवलं. म्हणाला, "साब, अबतक गाडीवानइच गाडी खींच रा था. ये बैल लगाओ." म्हणजे जुना ॲम्प्लिफायर फेकायचा नाही. त्याने फक्त कासरा धरायचा, आवाज कमी-जास्त करायचा. ओढायचं काम या वेगळ्या पॉवर ॲम्प्लिफायरने करायचं. मला हे इतकं पटलं की तिथल्या तिथे मी त्या काळ्या धुडाच्या पाठीवर थाप मारली. तो म्हणाला, घरी लावून बघा, सोमवारपर्यंत ठेवा, पसंत नाही पडलं तर परत आणा.

बायकोपुढे मी ही दरखास्त गणपतीतल्या मंत्र्याच्या आवाजात मांडली. तिने सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. रविवारी तिची कॅसेट लागेल. डग्गा डग्ग्यासारखा वाजला तर बैल दावणीला राहील. नाही वाजला तर सोमवारी तो दुकानात जाईल, आणि शोकेसच्या ज्या खणात तो बसणार होता तिथे माळ्यावर पडलेली तिची बाजाची पेटी येईल.

"मंजूर?" तिने विचारलं.

"मंजूर," मी म्हणालो, आणि मला घाम फुटला.

रविवारी सकाळी बेल्याच्या बसने आत्या आली. मी तिला मुद्दामच बोलावलं होतं, नाटकाला प्रेक्षक लागतात. मास्तर आले. मेकॅनिकही आला, आपल्या बैलाचं पहिलं औत बघायला. बायकोने आत वांग्याची भाजी चुलीवर, म्हणजे गॅसवर टाकली आणि स्वयंपाकघराच्या दारात अशी उभी राहिली की एक डोळा कढईवर, एक माझ्यावर. तिच्या हातून आजवर भाजी कधी लागली नव्हती. स्वयंपाकघरात ती घड्याळ बघायची नाही, फोडणीच्या आवाजावर सगळं चालायचं. म्हणून तर मला तिच्या कानांची भीती.

मी घसा साफ केला. चार शब्द बोलणार होतो, पण आत्या म्हणाली, "लाव न आता, का नारळ फोडतं?" मी बटण दाबलं.

पहिला डग्गा पडला आणि वरच्या ट्यूबलाईटने पापणी मिटली. आमच्याकडे वीज आधीच अशक्त, त्यात हा बैल. पण काय आवाज! सोफ्याची स्प्रिंग हलली. मास्तरांनी पुन्हा पाय वर घेतले. मी हात पसरून बायकोकडे वळलो, टाळी घ्यायला.

"खडखडतंय," बायको म्हणाली.

मी कान दिला. डग्ग्याच्या प्रत्येक थापेमागे काहीतरी खडखडत होतं. घुम्म खड. घुम्म खड. मी आवाज कमी केला तर खडखड थांबली, पण मग डग्गाही बिस्किटाच्या डब्यात परत गेला. आवाज वाढवला की खडखड हजर. वाईट म्हणजे जितकं वाजवावं तितकी ती वाढत होती. सुरुवातीला डावी पेटी खडखडायची, मग उजवीही तिला साथ देऊ लागली.

सगळ्यांनी मेकॅनिककडे पाहिलं. जुन्या ॲम्प्लिफायरवर या पेट्या वर्षभर गुपचूप वाजल्या होत्या. नवा आल्याबरोबर खडखड. आरोपी उघड होता. त्याने झाकण उघडलं, तारा हलवून पाहिल्या, एकेक टाका तपासला, झाकण लावलं. खडखड तशीच. "बैल में खोट नै है, साब," तो म्हणाला. त्याचा चेहरा पडला होता. मी त्याच्या बाजूने काही बोलणार, तेवढ्यात बायको माळ्याकडे बघताना दिसली. बाजाची पेटी कुठून उतरवायची याचा अंदाज घेत होती ती.

मग घायकुतीला येऊन मी डावी पेटी उजवीकडे आणि उजवी डावीकडे करायचं ठरवलं. का, ते मला आजही सांगता येणार नाही. वीज बंद केली, वायर सोडली, पेटी उचलली. आणि ती माझ्या हातात वाजली. वीज नाही, तार नाही, आणि ती लहान मुलाच्या खुळखुळ्यासारखी वाजतेय. मी थांबलो, ती थांबली. मी हललो, ती वाजली.

त्याच क्षणी मला सगळं समजलं आणि त्याच क्षणी मी सोफ्याकडे पाहिलं. सोफ्यावर आत्या बसली होती. आत होता तिचा सीतादहीचा कापूस, जो मी होता तसा भरला होता, सरकीसकट. जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये सरकी हलवण्याची ताकदच नव्हती. या बैलाने एकेक बी कापसातून सोडवून खाली पाडलं होतं आणि आता प्रत्येक थापेला ते सागाच्या फळीवर नाचत होतं. आणि हे आत्याच्या देखत उघडायचं म्हणजे तिचा देवाचा कापूस दुखणं म्हणून बाहेर काढायचा!

मी माझ्या नाट्यजीवनातली सगळ्यात वाईट भूमिका केली. म्हणालो, एखादा स्क्रू सैल झाला असावा, सुताराला उद्या बोलावू, आज जेवून घेऊ.

आत्याने आधी माझ्याकडे आणि मग पेटीकडे पाहिलं. सगळं आयुष्य कापसात गेलेली बाई ती. "उघड," ती म्हणाली.

मेकॅनिकने मागची फळी काढली. पांढराशुभ्र कापूस फुगून बाहेर आला, त्याला अजून कुंकवाचा लाल कण चिकटलेला, आणि तळाशी मूठभर सरकी.

"काऊन रे, सरकी नाही काढली?" आत्या म्हणाली.

"तू देल्ला तसाच ठेवला, आत्या. देवाचा कापूस हाये."

"वातीले देतो तवा सूनबाई सरकी काढूनच वात करते न? तवा कोपते का देव? दहा बोटं तुलेई देल्ली त्यानं, का नाटकात हालवाले देल्ली?"

बायको दारात तोंडाला पदर लावून हसत होती. मी खजील झालो असं म्हणावं लागेल, पण खरं सांगायचं तर मला नाचावंसं वाटत होतं. कापूस टाकायचा नव्हता! फक्त वेचायचा होता! आत्याने पदर खोचला, जमिनीवर बैठक मारली आणि हुकूम सोडले. सूप आलं. चारही पेट्या उघडल्या गेल्या. मग जे झालं ते कुठल्या मासिकात छापून येणार नाही. पॉवर ॲम्प्लिफायरची दुरुस्ती चालली होती आणि दुरुस्तीला बसले होते एक आत्या, एक पेन्शनर मास्तर, एक तहसीलवाला आणि एक मेकॅनिक, चौघंही चिमटीने सरकी काढत. मास्तरांनी तेलुगूत लहानपणच्या गोष्टी सुरू केल्या. मेकॅनिकच्या बोटांना सोल्डरची सवय, त्याच्या हातून निघालेला कापूस सगळ्यांत स्वच्छ. माझ्या वाट्याचा आत्याने दोनदा परत केला. "या वातीनं देव खोकलन," म्हणाली. सरकी तिने रुमालात बांधली, म्हशीला.

बायकोने मधल्या वेळात गॅस बारीक केला होता. पेट्या बंद झाल्यावर तिने तो पुन्हा मोठा केला आणि दारात येऊन उभी राहिली. आता विनोद संपला होता. मी भाषण केलं नाही. कॅसेट मागे नेली आणि बटण दाबलं.

ट्यूबलाईटने पापणी मिटली. डग्गा पडला, आणि त्याच्या मागे काही नव्हतं. नुसता गोल, ओला घुमारा, जो जमिनीतून तळपायात यायचा. सरांच्या पेटीचा भाता ऐकू येत होता, श्वास घेतल्यासारखा. आणि माझ्या बायकोचा तो आवाज, जो मला लग्नानंतर भेटला तेव्हा जरा दमलेला होता, इथे कोरा करकरीत उभा होता. मी बोटाने बटण आणखी थोडं पुढे नेलं. बोकड ओरडला नाही.

तान आली. वर गेली, वळली, खाली उतरली. आणि ती संपता संपता, पेटीच्या सुराच्या आड, अगदी हळू, एका म्हाताऱ्या माणसाचं "हं" ऐकू आलं.

मला आधी वाटलं मास्तर बोलले. मी त्यांच्याकडे पाहिलं तर ते डोळे मिटून बसलेले. मग मी बायकोकडे पाहिलं. ती दारात नव्हती. ती खोलीच्या मधोमध येऊन उभी होती, हातात उलथनं.

"सर," ती म्हणाली.

भजन पुढे चालू होतं. तिचं लक्ष त्यात नव्हतं. ती त्या एका जागीच राहिली होती. हवेत काहीतरी खमंग, मग खमंगाच्या पुढचं पसरू लागलं. आत्याचं नाक बायकोच्या कानांहून तयार.

"सूनबाई, भाजी लागून राह्यली वं."

"लागू द्या," बायको म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "अहो, जरा मागे घ्या ना ते. तानेपासून."

मी मागे घेतलं. ट्यूबलाईटने पुन्हा पापणी मिटली. मेकॅनिक माझ्या कानाशी येऊन विचारू लागला की साब, सोमवारी येऊ का न्यायला? मी त्याला बोटाने गप्प केलं आणि आवाज आणखी एक घर वाढवला. त्या दिवशी आम्ही सगळ्यांनी करपलेली वांगी भाकरीशी खाल्ली, मास्तरांनी तर दुसऱ्यांदा मागून घेतली, आणि तानेपासून मागे घेता घेता टेपडेकचं ते बटण संध्याकाळपर्यंत ढिलं झालं.