काकांचा अँटीव्हायरस

"थांब बाय, येकदा बगून येतो."

काका खुर्चीवर टेकायचे, चहाचा कप हातात घ्यायचे आणि पहिला घोट पोटात जायच्या आत हे म्हणून उठायचे. काय बघायचं ते ठरलेलं नसे. गॅस, नळ, दाराची कडी, गॅलरीतली दोरी, खाली लावलेली सायकल. परत येऊन म्हणायचे, "हाय, बंद हाय." तोवर चहा थंड झालेला असायचा. कोपऱ्यापर्यंत जाऊन कुलूप ओढून बघायला परत फिरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आमचे काका कुलूप ओढून पुन्हा कोपऱ्यावर जायचे आणि मघाशी आपण ते नीट ओढलं का, हे बघायला आणखी एकदा यायचे.

गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात त्यांनी नोकरीभर स्टोअर सांभाळलं. या नोकरीमुळे तसा स्वभाव झाला, की तशा स्वभावामुळे नोकरी टिकली, देव जाणे. निवृत्त झाले, किल्ल्या परत केल्या आणि राखायला काही उरलं नाही. तेव्हा विरारला दिलेल्या त्यांच्या मुलीने आपला जुना कॉम्प्युटर त्यांना आणून दिला. बिचारीला वाटलं, वडील एका जागी बसतील.

माणिकपूरला माझं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. दुकानात बाई बघून गिऱ्हाईक आधी विचारतं, "दुरुस्त करणारे कधी येतात?" मग मी जरा फटकळपणे उत्तर देते. काकांनी असं काही विचारलं नाही. सीपीयू दोन्ही हातांनी पोटाशी धरून ते रिक्षातून उतरले आणि म्हणाले, "बाय, यो उठतच नाय. सकाळी बटन दाबलं, आंघोळ केली, पूजा केली, तरी आपला घुरघुरतोच हाय."

उघडून बघते तर आत तीन अँटीव्हायरस.

"काका, तीन कशाला?"

"येकावर कसा भरवसा ठेवायचा? दुसरा पयल्यावर नजर ठेवतो."

"आणि तिसरा?"

"तो आपनहून आला. मेसेज दिला, तुमचा कॉम्प्युटर धोक्यात हाय. मी म्हनलं, ये."

तिघे मिळून एकमेकांचीच झडती घेत बसले होते, दुसरं काम व्हायचं कसं? मी दोन काढायला घेतले. काढण्याआधी तो प्रोग्राम विचारतो, तुमची खात्री आहे ना? काका माझ्या खांद्यावरून स्क्रीनला उत्तर देत होते, "नाय. खातरी नाय." मी बटण दाबलं. कॉम्प्युटर पळायला लागला, पण काकांच्या चेहऱ्यावर काही आनंद दिसला नाही. "येक जास्तीचा ऱ्हायला असता तर काय बिगडलं असतं?" असं पुटपुटतच ते गेले.

नंतर ते येतच राहिले. कधी काम असे, कधी नसे. मावशींची, म्हणजे त्यांच्या बायकोची, ओळख मला त्यांच्याच तोंडून झाली. मावशी खाडीकाठच्या मिठागरवाल्या गावातल्या. तोंडाच्या फटकळ, आणि काकांच्या या उठबशीवर त्यांचा एकच उपाय होता: "आता गप ऱ्हावा." काका ही तक्रार म्हणून सांगायचे. मला ती कधी तक्रार वाटली नाही.

मग मावशींना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि बोलणं गेलं. डॉक्टर म्हणाले, त्यांना सगळं समजतं, शब्द तेवढे बाहेर येत नाहीत. काका दुकानात आले ते बसलेच नाहीत. काउंटरपासून दारापर्यंत आणि दारापासून काउंटरपर्यंत फेऱ्या मारत बोलत होते. "ती बगते माज्याकडं, बाय. पानी देतो, नको. पंखा लावतो, नको. मंग डोळं मिटून घेते. काय पायजे तेच कळत नाय."

मी काही मोठी प्रोग्रामर नाही. पण त्या आठवड्यात बसून काकांच्या त्याच कॉम्प्युटरसाठी एक साधा प्रोग्राम लिहिला: कीबोर्डवरचं एक बटण दाबलं की एक वाक्य ऐकू यायचं. तुम्ही म्हणाल, मोबाईलवर अशी ॲप असतात की. असतात, पण मावशींचा डावा हात थरथरायचा आणि मोबाईलच्या काचेवर भलतंच काही दाबलं जायचं. कीबोर्डच्या बटणावर हात टेकवून ठेवता येत होता. मी बारा बटणांवर कागदाची चित्रं चिकटवली, वरून पारदर्शक टेप लावली आणि बाकीची बटणं उपटून टाकली.

"आवाजाला मावशींच्या बहिणीला आणा," मी सांगितलं. काका एकटेच आले.

"तिची बहीन लगीन करून मुंबयला गेली, बोलनं बदललं तिचं. हिची भाशा मलाच येते."

मागच्या खोलीत माईक लावून त्यांना बसवलं. बारा शब्दांना दीड तास लागला, कारण दर दोन शब्दांनी ते रिक्षा उभी आहे का हे बघून येत होते. "पानी." "पंखा लावा." "दुखतंय." "कोन आलंय?" "हां." "नको." "चा पायजे." असे करत अकरा झाले. बाराव्या बटणाला काय, ते त्यांनीच ठरवून आणलं होतं. माईककडे न बघता, चप्पल पायात सरकवत ते म्हणाले, "आता गप ऱ्हावा."

"काका, हे कशाला? त्यांच्या गरजेचं काहीतरी सांगा."

"तिच्या नाय, माज्या. दिवसातून वीस येळा म्हनायची. आता घर खायला उठतं, बाय."

प्रोग्राम चालला. झकास चालला. मावशी एका पुरुषाच्या घोगऱ्या आवाजात पाणी मागायच्या, पाहुण्यांना "कोन आलंय?" विचारायच्या. पाहुणे आधी दचकायचे, मग हसायचे, मावशीही अर्ध्या तोंडाने हसायच्या. बारावं बटण सगळ्यात आधी झिजलं. त्यावरचं चित्र मी दोनदा बदललं.

चार-पाच महिने असे गेले. एका सकाळी काकांचा फोन आला. आवाजात कधी नव्हे ती ऐट. "बाय, आज आपल्या अँटीव्हायरसनं येक पकडला! लाल पाटी आली. काढू का, विचारलं. मी लगेच हां म्हनलं. येकदम साफ!"

मी शाबास म्हटलं. गिऱ्हाईक समोर होतं, जास्त विचार केला नाही. तासाभराने पुन्हा फोन. या वेळी काकांना नीट बोलता येत नव्हतं.

"बाय, ती दाबते, आवाज येत नाय."

रिक्षात बसल्याबसल्या मला सगळं कळलं. माझा प्रोग्राम कुठल्या कंपनीचा नव्हता, त्याला शिक्का नव्हता, सही नव्हती. अँटीव्हायरसने त्याला चोर ठरवला होता, आणि आयुष्यात पहिल्यांदा काका एका प्रश्नाला न थांबता हो म्हणाले होते.

मावशी कीबोर्डसमोर बसल्या होत्या. पाण्याचं बटण दाबत होत्या, एकदा, पुन्हा, पुन्हा. गालावरून पाणी गळत होतं. काका मला दारातच हळूच म्हणाले, "तिला वाटतंय, परत झटका आला. परत बोलनं गेलं." तेव्हा माझा स्वतःवरच संताप झाला. असं होऊ शकतं हे मला माहीत असायला हवं होतं, ते माझं काम होतं.

दुकानातली प्रत सोबत आणली होती, ती घातली. हा प्रोग्राम आपला आहे, याला हात लावू नको, असं अँटीव्हायरसला बजावून ठेवलं. नऊ दिवसांनी त्याने स्वतःला अपडेट केलं आणि प्रोग्राम पुन्हा उचलला. या वेळी विचारलंसुद्धा नाही.

"काका, आता दुसरा मार्ग नाही," मी म्हटलं. "अँटीव्हायरस काढायचा. कॉम्प्युटरचा स्वतःचा एक असतो, तोही बंद करायचा. इंटरनेट तोडायचं. हे मशीन फक्त मावशींसाठी."

"म्हंजे उगडं ठेवायचं?"

"तारच तोडली तर बाहेरून येणार कोण?"

"येनारा सांगून येतो का?"

आणि त्यांच्या फेऱ्या सुरू झाल्या. दार बघून आले, गॅस बघून आले, दार पुन्हा बघून आले. जो माणूस तीन अँटीव्हायरसना कमी समजायचा, त्याला मी एकही ठेवू देत नव्हते. मलाही चीड आली होती, पण त्यांच्यावर किती ओरडणार? मी खुर्चीवरून उठले आणि माऊस त्यांच्याकडे सरकवला. "मी नाही दाबणार. तुमचं घर आहे."

ते मावशींच्या बाजूने चौथ्यांदा गेले तेव्हा मावशींनी डाव्या हाताने त्यांचं मनगट धरलं. खेचलं नाही, नुसतं धरून ठेवलं. काका उभे राहिले. मग माझ्या खुर्चीवर बसले. स्क्रीन विचारत होती, खात्री आहे ना? काकांनी चष्मा काढला, सदऱ्याला पुसला, पुन्हा घातला आणि बटण दाबलं. बोट बराच वेळ तिथून उचललं नाही.

प्रोग्राम सुरू झाला. काका लगेच मला सांगायला लागले, "बाय, तार तोडली तरी वायफाय असतं ना, शेजारच्यांचं असतं ना, समज—"

"आता गप ऱ्हावा," मावशींनी बटण दाबलं.

आपल्याच आवाजात गप बसवला गेलेला माणूस मी तेव्हाच पाहिला. काका हसले, मग टॉवेलात तोंड घालून रडले. मी तारेचं वेटोळं करत बसले.

त्यानंतर अँटीव्हायरसचं काम त्यांनी स्वतःकडे घेतलं. घरात पेन ड्राईव्हला बंदी. लग्नाचे फोटो दाखवायला आलेल्या भाच्याला त्यांनी फोटो छापून आणायला लावले. शेजारचं वायफाय म्हणे भिंतीतून येतं, म्हणून कॉम्प्युटर दुसऱ्या भिंतीला नेला. आणि रोज संध्याकाळी मला फोन. "बाय, आज काय नाय झालं."

"काही झालं नाही तर फोन कशाला, काका?"

"नाय झालं, तेच सांगायला."

सांगते ते खरं: मी वैतागायचे. कधी उचलायचे, कधी नाही. यंदाच्या उन्हाळ्यात एका संध्याकाळी दुकानात गर्दी होती, त्यांचं नाव दिसलं आणि मी फोन उलटा ठेवला. दुसऱ्या दिवशी दुपारी मुलीचा फोन आला. काका सकाळी दूध आणायला गेले, इमारतीच्या फाटकाशी दम लागला म्हणून कट्ट्यावर बसले आणि तिथेच गेले. आदल्या दिवशी काही झालं नव्हतं, एवढंच त्यांना सांगायचं असणार. तेवढंही मी ऐकून घेतलं नाही. त्याचा त्रास अजून होतो.

दिवस झाल्यावर मुलीने मावशींना विरारला नेलं आणि कॉम्प्युटर जोडून द्यायला मला बोलावलं. मी जोडत असताना ती दारात उभी होती. घरात तिच्या ऑफिसचं काम चालतं, वायफायवर सगळी मशीनं, म्हणून याच्यावरही अँटीव्हायरस हवा, असं तिचं म्हणणं.

"टाकला तर प्रोग्राम उचलून नेईल," मी म्हटलं.

"मग हा काढूनच टाका. टॅबलेट आणते, त्यात चांगलं ॲप येतं. आवाज मी भरीन." मग खाली बघत ती म्हणाली, "आई बटण दाबते तेव्हा मी खोलीतून निघून जाते. मला नाही ऐकवत."

तिचं काही चुकत होतं असं मला वाटलं नाही. मी मावशींसमोर खाली बसले आणि विचारलं, "मावशी, हा आवाज बदलू का? लेकीचा घालू?"

मावशींनी आधी मुलीकडे पाहिलं, मग कीबोर्डकडे. डावा हात बटणापाशी गेला.

"नको," काका म्हणाले.

मुलगी दारातून हलली नाही. मावशींचा हात पुढच्या बटणाकडे सरकला.

"चा पायजे."

"टाकते, बाबा," मुलगी म्हणाली आणि स्वयंपाकघराकडे वळली. दोन पावलं गेल्यावर ती भिंतीला हात लावून तिथेच उभी राहिली.